अजेंड्यातून मूळ नोंदीकडे (ऑर्ग मोड)

साध्या मजकुराच्या फायलींत कामे, तारखा आणि टिपणे ठेवणाऱ्या ऑर्ग मोडमध्ये 'अजेंडा' म्हणजे अनेक फायलींत विखुरलेली कामे तारीखवार एकत्र दाखवणारा तक्ता. त्यातल्या ओळीवरून मूळ नोंदीपर्यंत जाण्याच्या सोयीची ही माहिती. ऑर्ग मोडची सुरुवात कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली केली; २००७ पासून तो ईमॅक्स या संपादकाबरोबरच मिळतो.

पालघर तालुक्यातल्या नवापूरच्या एका मच्छीमार कुटुंबाने होडी, जमीन आणि सांडपाणी अशा तीन फायली ठेवल्या आहेत असे धरू. पहिलीत १ जूनपासूनची मासेमारीबंदी आणि इंजिनाची दुरुस्ती, दुसरीत पालघर तहसिलातली कामे. तिसरी तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल. या प्रदूषणाविरुद्ध मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादात गेली होती. अजेंड्यात एवढीच ओळ दिसते: 'सांडपाणी: पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देणे'. नमुना खाडीच्या कोणत्या बाजूने, भरतीला की ओहोटीला घेतला, हे सारे मूळ नोंदीखाली असते, आणि कामाचे तेच असते.

ओळीवर टॅब दाबला की शेजारच्या खिडकीत मूळ फाईल उघडते आणि कर्सर त्या नोंदीवर जातो. फाईल घडी घातलेली असली तरी नोंदीपुरती उलगडते. एंटर दाबल्यास अजेंड्याच्याच जागी फाईल येते. स्पेसबारने नोंद नुसती दिसते, कर्सर अजेंड्यातच राहतो. दहा-बारा कामे भराभर चाळायला हीच कळ उत्तम. कॅपिटल एफ दाबून सुरू होणारी 'फॉलो' रीत त्याहून सोपी: कर्सर खाली-वर नेला की त्या-त्या ओळीची नोंद शेजारी आपोआप दिसू लागते.

सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक जसा गाव नमुना ६ मधल्या नोंदीकडे नेतो, तसा अजेंड्याच्या प्रत्येक ओळीत मूळ जागेचा अदृश्य मार्कर असतो. फरक असा की मार्कर मजकुराबरोबर सरकतो. नोंदीच्या वर चार ओळी घातल्या तरी रस्ता चुकत नाही. म्हणून अजेंड्यातच 'टी' दाबून काम पुरे झाल्याची खूण केली तर ती थेट मूळ फायलीत उमटते. फाईल जतन मात्र करावी लागते; त्यासाठी 'एस'. नवी नोंद घातल्यावर तक्ता 'आर' दाबून ताजा करायचा.

हीच या व्यवस्थेची खरी थोरवी: काम एकाच जागी लिहायचे, तक्ता त्यातून हवा तेव्हा उभा करायचा. वहीतून भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवताना होणाऱ्या चुकांना इथे वावच उरत नाही.

मराठीत फायली ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. मथळे आणि टिपणे देवनागरीत बिनधास्त लिहावीत, पण कंसातली तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आणि इंग्रजी अंकांतच हवी. देवनागरी अंकांतली तारीख ऑर्ग मोड ओळखत नाही, आणि ते काम तारखेच्या तक्त्यात येतच नाही.