द्रव्यदाता आणि परवाना : जळगाव जामोदच्या इतिहाससाधनांच्या निमित्ताने

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद तालुक्याच्या अभ्यासकास तीन गॅझेटियर चाळावी लागतात : आल्फ्रेड लायल यांनी संपादिलेले वऱ्हाडचे (१८७०), नेल्सन यांचे बुलढाणा जिल्ह्याचे (१९१०) आणि महाराष्ट्र शासनाचे (१९७६). १९०५ साली खामगाव व जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्यातून बुलढाण्यात आले. त्यामुळे केवळ एका ग्रंथावर विसंबून चालत नाही. तिन्हींचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला. तरीही त्यांतील मजकूर पुन्हा छापण्याचा अधिकार सर्वांच्या बाबतीत सारखा नाही.

१९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमानुसार, अन्यथा करार नसल्यास, शासकीय ग्रंथाचा प्रथम स्वामी शासनच असते. हा हक्क पूर्वी प्रकाशनानंतर ५० वर्षे टिके. १९९२ च्या दुरुस्तीने ती मुदत ६० वर्षांची झाली. म्हणजे पहिले दोन ग्रंथ सर्वांना मोकळे आहेत. तिसऱ्यावरील हक्क मात्र २०३६ च्या अखेरीपर्यंत राहील. तो ग्रंथ संगणकजालावर विनामूल्य वाचता येतो. परंतु वाचनाची मुभा म्हणजे पुनर्मुद्रणाचा परवाना नव्हे.

हाच भेद अलीकडच्या मुक्त प्रवेश चळवळीने ऐरणीवर आणला. २००२ च्या बुडापेस्ट घोषणेने वाचनाबरोबरच नकल व वितरण यांचेही स्वातंत्र्य मागितले. त्याच वर्षी क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले. पुढे द्रव्यदात्या संस्थांनी परवान्याचा प्रकारही ठरवून देण्यास आरंभ केला. ब्रिटनमधील वेलकम ट्रस्टने २०१३ पासून, प्रकाशनशुल्क आपण भरले असल्यास, केवळ श्रेयनिर्देशाची अट घालणारा परवाना आवश्यक केला. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान या विभागांनी डिसेंबर २०१४ च्या धोरणात स्वीकृत हस्तलिखित ज्ञानभांडारात ठेवण्यास सांगितले. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘प्लॅन एस’ या योजनेतून पुढे लेखकाने आपले हक्क राखून ठेवण्याची रीत पुढे आली.

येथे जुना द्रव्यदाता नव्याच्या आड येतो. अशा परवान्याखाली निघणाऱ्या लेखात १९७६ च्या ग्रंथातील नकाशा जसाच्या तसा घेतल्यास, लेखक स्वतःच्या मालकीबाहेरची वस्तू जगाला वाटू पाहतो. जे आपले नाही त्याचा परवाना देता येत नाही. लोकसंख्येचे वा पावसाचे आकडे ही तथ्ये असल्याने ती श्रेय देऊन वापरता येतात. समीक्षेपुरते अवतरणही कायद्यास मान्य आहे. नकाशा मात्र नव्याने काढावा, किंवा शासनाची लेखी अनुमती घेऊन तो सामान्य परवान्यातून वगळल्याचे त्याखालीच नमूद करावे.

दुसरी अडचण प्रकाशकाच्या करारात असते. अनुदानपत्रावर एक अट आणि प्रकाशकाशी केलेल्या हस्तांतरपत्रावर तिच्या विरुद्ध दुसरी, अशा दोन सह्या एकाच लेखकाच्या असू शकतात. म्हणून क्रम महत्त्वाचा : अनुदानाची अट प्रथम वाचावी, लेख धाडतानाच ती संपादकास कळवावी, आणि मगच करारावर सही करावी. हस्तांतरपत्रात मुदत लिहिली नसेल तर भारतीय कायद्याप्रमाणे ती ५ वर्षांची मानली जाते. तथापि त्या आधाराने आजची अट पाळली जात नाही.

खर्च कोणी केला याची नोंद इतिहासकार नेहमीच ठेवीत आला आहे. वापराची मोकळीक कोणती दिली याचीही नोंद त्याच काळजीने ठेवली गेली, तर जळगाव जामोदच्या पुढील अभ्यासकास साठ वर्षे थांबावे लागणार नाही.