चढणीचं चिन्ह

आजऱ्यातून वाहणाऱ्या हिरण्यकेशीची पाणीपातळी पावसाळाभर रोज कागदावर मांडली, तर एक वळणदार रेषा मिळेल. आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर पातळी. यात डेरिव्हेटिव्ह, म्हणजे विकलज, धन कुठे आहे असं विचारलं की बारावीची बरीच मुलं रेषेच्या उंच भागावर बोट ठेवतात. पण रेषा माथ्यावर वळते त्या क्षणी विकलज शून्य असतो, आणि पाणी पार तळाशी असलं तरी चढत असेल तर तो धन असतो.

हा नियम परीक्षेसाठी मागाहून बेतलेला नाही. ऑक्टोबर १६८४ मध्ये लाइपझिगच्या 'आक्टा एरुडिटोरुम'मध्ये लायब्निझचा कलनावरचा, म्हणजे कॅल्क्युलसवरचा, पहिला लेख छापून आला, तो कमाल-किमान मूल्यं आणि स्पर्शरेषांविषयीच होता. वक्राची उंची वाढत असेल तर तिचा सूक्ष्म फरक धन, घटत असेल तर ऋण, आणि दोन्ही नसेल तिथे शून्य, हे त्याने त्यातच सांगितलं. कलन छापखान्यात आलं तेच ही खूण घेऊन.

यातला शून्याचा भाग आपल्याकडे त्याहून पाच शतकं जुना आहे. सह्याद्रीच्या आश्रयाच्या विज्जलविडात राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाची तात्कालिक गती मांडली. मध्यम स्थानात करायची दुरुस्ती जिथे सर्वाधिक होते, तिथे तिच्यातला बदल शून्य होतो, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्यापाशी आलेख नव्हता; आकाशातल्या गतीवरून हे हेरणं मला फार मोठं वाटतं.

विकलज धन असेल तर फल, म्हणजे फंक्शन, वाढतंच, हे सिद्ध करायला मात्र लायब्निझनंतर शतकाहून अधिक काळ गेला. लाग्रांजने १७९७ मध्ये प्रयत्न केला, कोशीने १८२३ मध्ये त्याला नीट पाया दिला. मराठीत हे गणित आणलं ते घाटाखालच्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी, 'शून्यलब्धिगणिता'तून.

उलट बाजूने, म्हणजे फल वाढतंय म्हणून विकलज धन म्हणताना, थोडं सावध राहावं लागतं. चढता चढता रेषा एका बिंदूपुरती आडवी होऊ शकते. X च्या घनाचा आलेख शून्यापाशी तसाच होतो. म्हणून तो एक बिंदू वगळायचा. विकलज कुठे धन याचं उत्तरही आडव्या अक्षावर, म्हणजे दिवसांत लिहायचं, पातळीत नाही. आणि हातात आलेला आलेख पातळीचा नसून विकलजाचाच असेल, तर चढ न पाहता रेषा अक्षाच्या वर कुठे आहे एवढंच पाहायचं.