सोलापूरचे वसतिगृह आणि त्यातील अनाम हात

बहिष्कृत हितकारिणी सभेचा इतिहास लिहिताना २० जुलै १९२४ हा स्थापनादिन, सर चिमणलाल सेटलवाड यांचे अध्यक्षपद आणि व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कार्य, एवढे आपण आवर्जून नोंदवितो. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात उघडलेल्या वसतिगृहाची बोळवण मात्र बहुधा एका वाक्यात होते. ज्यांच्यासाठी ते उघडले गेले, त्या मुलांनी स्वतः काय केले, हा प्रश्न तर विचारलाच जात नाही.

सोलापूर हे त्या काळी गिरण्यांचे शहर होते. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली आणि भोवतालच्या दुष्काळी मुलखातील माणसे पोटासाठी इकडे वळली. १९२२ च्या कायद्याने बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी झाली. म्हणजेच बारावे वर्ष सरले की गिरणीचा दरवाजा उघडा होता. नेमक्या त्याच वयात माध्यमिक शाळेची पायरी येते. खेड्यातील अस्पृश्य मुलगा ती चढण्यासाठी शहरात आला, तर त्याला भाड्याने खोली कोण देणार? त्यामुळे वसतिगृह नसणे म्हणजे शिक्षण नसणे, असाच त्या काळचा व्यवहार होता.

सभेने या मुलांच्या राहण्याजेवण्याचा, कपड्यांचा व लेखनसाहित्याचा भार उचलला. सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे साहाय्य दिले. व्यवस्था जीवाप्पा ऐदाळे यांच्याकडे होती. हेच ऐदाळे पुढे १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. आता, अशा तुटपुंज्या मदतीवर चालणाऱ्या घरात नोकरचाकर कोठून असणार? पाणी भरणे, झाडलोट करणे, धाकट्यांचा अभ्यास घेणे ही कामे थोरल्या विद्यार्थ्यांच्याच वाट्याला आली असली पाहिजेत. अशा कामांची नोंद सभेच्या अहवालात होत नसते.

एक खूण मात्र मागे राहिली. वसतिगृहातील विद्यार्थी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवीत. या नावाने आजच्या बौद्ध वाचकाने दचकण्याचे कारण नाही. येवल्याची घोषणा १९३५ ची आणि धम्मदीक्षा १९५६ ची. १९२५ मधील मुलांनी विद्येसाठी ओळखीचाच शब्द उचलला. महत्त्व नावाचे नाही. ज्यांना अक्षराचा अधिकारच नाकारला गेला होता, ती मुले इतरांसाठी लिहू लागली, हे महत्त्वाचे. आश्रय घेणारा तेथे आश्रय देण्याच्या कामाला लागला होता.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. तो आपल्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून आपण त्याची शुश्रूषा करीत नाही, असे इतर भिक्खूंनी सांगितले. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास लावले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि बिछान्यावर निजविले. घर सोडून आलेल्यांना आईबाप जवळ नाहीत, तेव्हा त्यांनीच परस्परांना सांभाळावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. सोलापूरच्या मुलांनी महावग्ग वाचला होता असे मला म्हणावयाचे नाही. पण घरापासून तुटून एकत्र राहणाऱ्यांवर जी जबाबदारी येते, ती दोन्हीकडे एकच आहे. दान म्हटले की आपल्याला अनाथपिण्डिकाचे जेतवन आठवते. पाण्याचे भांडे घेऊन आलेला आनंद सहसा आठवत नाही. भवानी पेठेतील असो वा अन्य कोठल्या वस्तीतील, मुलांच्या अभ्यासवर्गात आधी येऊन सतरंज्या अंथरणारा आणि शेवटी दिवे मालवून जाणारा महाविद्यालयीन विद्यार्थी आनंदाच्याच रांगेतला असतो. कार्यक्रमपत्रिकेवर त्याचे नाव छापले जात नाही.

सभेचे आयुष्य अल्प ठरले. १९२८ साली ती विसर्जित झाली आणि शिक्षणप्रसारासाठी नवी संस्था उभी राहिली. १४ जानेवारी १९४६ रोजी सोलापूर नगरपालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिले, तेव्हा उत्तरादाखल बोलताना सुमारे वीस वर्षांपूर्वी डॉ. मुळे यांच्या सहकार्याने आपण येथेच समाजकार्याला आरंभ केल्याचे त्यांनी स्मरण करून दिले. १९२५ मध्ये त्या वसतिगृहात असलेली मुले तोवर तिशी ओलांडून गेली होती.