दगडावरची हजेरी

अमेरिकेचा दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून असलेला मेक्सिकोचा उत्तर बाहा कॅलिफोर्निया, ही कुमेयाय लोकांची भूमी. तेथील ओसाड दऱ्याखोऱ्यांतल्या खडकांवर त्यांच्या पूर्वजांची चित्रे आहेत. ला रुमोरोसाजवळ एल वायेसितो येथे एक तांबडी आकृती आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास कोवळे ऊन नेमके तिच्या डोळ्यांवर येते. ते पाहायला लोक लांबून जातात.

त्याच मुलखात खडकांत उखळांसारखे खळगे आढळतात. ओकची फळे, मेस्किटच्या शेंगा कुटून कुटून बायकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या खोल केले. त्यांच्यापाशी मात्र फारसे कोणी थांबत नाही.

१८४८ च्या तहाने या भूमीतून दोन देशांची सरहद्द गेली. कुमेयायांना कोणी विचारले नाही. आजही ते दोन्हीकडे राहतात.

कामगारांची भांडणे लढताना, "याचे नाव हजेरीपटावर नाही," हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. तहाच्या कागदावर कुमेयायांची सही नाही. पण त्या बायकांची हजेरी दगडावर लागलेली आहे, आणि ती कोणत्याही कारकुनाला खोडता येणार नाही. चित्रे पाहावीत, पण इतिहास वाचायचा तर त्या खळग्यांपाशीही बसावे.