उणे चाळीस

मे महिन्यातल्या सोलापुरात, गॅरेजच्या पत्र्याखाली घाम पुसत, मी स्कॅनरवर इंजिनच्या पाण्याचे तापमान वाचले : उणे 40 अंश. कोड होता पी-0118. गाडी आधी जिथे गेली होती तिथे सेन्सर दोनदा बदलून झाला होता आणि डॅशबोर्डवरचा दिवा पुन्हा लागलाच होता.

हा कोड आला कुठून, याचा माग काढत गेलो तो थेट लॉस एंजेलिसच्या धुरक्यापाशी पोचलो. अननसाच्या स्वादाचे रसायन धुंडाळणारे आरी हागेन-स्मिट यांनी 1950 च्या सुमारास दाखवून दिले, की मोटारींच्या धुरातली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांची सूर्यप्रकाशात रासायनिक क्रिया झाली की धुरके जमते. 1967 मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी मंडळ नेमले, त्याचे पहिले अध्यक्ष हेच. पुढे धूर आवरायला इंजिनाचा कारभार संगणकाकडे गेला. जनरल मोटर्सच्या गाड्यांत दिवाच लुकलुकून कोड सांगे : एकदा, जरा थांबून दोनदा, म्हणजे 12. पण प्रत्येक कंपनीची बोली निराळी! अखेर 1996 पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना एकच 16 पिनांचे सॉकेट आणि सामाईक कोड बंधनकारक झाले. आपल्याकडे ही व्यवस्था 2010 आणि 2013 अशा दोन टप्प्यांत आली.

ही भाषा घडवली हवा राखणाऱ्या कायद्याने. मिस्त्रीच्या हाती ती नंतर पडली. म्हणूनच, माझ्या मते, ती नेमकी जिथे त्याला हवी तिथे गप्प बसते. पी-0118 चा अर्थ एवढाच, की तापमानाच्या सर्किटमधला व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढला आहे. संगणक सेन्सरच्या तारेवर 5 व्होल्ट ठेवतो. पाणी गार असेल तर सेन्सरचा रोध वाढतो आणि व्होल्टेज चढा राहतो. पाणी तापले की उतरतो. तार तुटली तर जवळजवळ पुरे 5 व्होल्ट दिसतात. संगणकाच्या लेखी ती कडाक्याची थंडी. (उणे 40 ला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच होतात, त्यामुळे हा आकडा कुठल्याही देशात सारखाच दिसतो.) सेन्सर मेला, कपलर सैल झाला की तार तुटली, हे कोड सांगत नाही.

मिस्त्रीने कपलर काढला आणि त्याच्या दोन टोकांत तारेचा तुकडा अडकवला. तारा धड असत्या, तर आकडा एकदम अतिउष्णाकडे उडी घेता. तो उणे 40 वरून हलला नाही. मग त्याने सिग्नलचे टोक बॅटरीच्या ऋण टोकाला जोडले, आणि आकडा उसळला. म्हणजे सिग्नलची तार शाबूत, परतीची तुटलेली. कपलरपासून वीतभर अंतरावर त्याच्या बोटांना ती सापडली. वरचे प्लॅस्टिक अखंड, आतले तांबे हिरवे पडून तुटलेले. सोल्डर झाली. स्कॅनरवर 41 अंश आले. बाहेरही साधारण तेवढेच होते.