लग्न गावाने पाहिलं, कायद्याने नाही

मैत्रिणींनो, आपल्याकडे वारल्यांच्या घरी धवलेरी गाते आणि लग्न लागतं. सगळं गाव साक्षीला असतं. कागद कोण मागतो?

अशाच आपल्या धर्माच्या रीतीने लग्न झालेल्या बाई मरियम नवऱ्याकडे राहायला दक्षिण आफ्रिकेत गेल्या. त्यांना देशात घेतलं नाही. मार्च १९१३ मध्ये केपच्या कोर्टात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला: ज्या धर्मात पुरुषाला अनेक बायका करता येतात, त्या रीतीचं लग्न इथे चालणार नाही. झालं! तिथल्या हजारो हिंदू-मुसलमान बाया कायद्याने बायको राहिल्याच नाहीत. मग पोरांचं काय?

बाया गप्प बसल्या नाहीत. सप्टेंबरात कस्तुरबा आणि इतर बायांनी परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडली. तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगली. दुसऱ्या काहीजणींनी न्यूकॅसलच्या कोळसा खाणीतल्या मजुरांना काम बंद करायला लावलं. १९१४ मध्ये कायदा आला, एक बायको आणि तिची अज्ञान मुलं यांना वाट मिळाली. दुसरीला नाही.

आजही परदेशी नवऱ्याकडे राहायला जायचं तर व्हिसासाठी लग्नाचा दाखला लागतो. आपल्यातलं कोण जातंय, म्हणाल. पण २००६ च्या कायद्याने वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, तिथेही बायको कोण हे दाखवावं लागतं. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद होते, उशीर झाला तरी. लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार लागतात.