खुराड्यातला रात्रीचा पाहुणा

आजच्या भागाचा नायक एक मिलिमीटरपेक्षाही लहान आहे. त्याला आठ पाय आहेत, दिवसा तो दिसत नाही, आणि गेली दोन हजार वर्षं तरी माणसाच्या कोंबड्यांवर तो जगतो आहे. हा कोंबडीचा तांबडा माइट. उवा-पिसवा म्हणजे कीटक. हा कोळी आणि गोचीड यांच्या भावकीतला. हा फरक आत्ता बारीक वाटेल, पण पुढे तो महागात पडणार आहे, म्हणून लक्षात असू द्या.

आधी त्याची राहणी बघू, कारण सगळा इतिहास तिच्यावरच उभा आहे. उवा कोंबडीच्या अंगावरच जन्मतात आणि तिथंच मरतात. तांबडा माइट तसा नाही. तो राहतो खुराड्यात: दांड्याच्या खाली, फळ्यांच्या सांध्यात, खिळ्याच्या भोकात. रात्री कोंबड्या दांड्यावर बसल्या की बाहेर येतो, अर्धा-एक तास रक्त पितो आणि परत फटीत जातो. उपाशी असतो तेव्हा राखाडी, पोट भरलं की लाल. दिवसा कोंबडी धरून पिसं उलटीपालटी करून पाहिली तर काहीच सापडत नाही. कोंबडी मात्र सुकत चाललेली असते, तुरा पांढरा पडतो, अंडी कमी होतात, आणि संध्याकाळी ती खुराड्यात शिरायलाच तयार होत नाही. मालक म्हणतो, हिला काहीतरी रोग झालाय. खरं तर आजारी असतं ते घर.

उबदार हवेत याची अंड्यापासून पूर्ण वाढ आठवडाभरात होते. आता खुडूक कोंबडीचा हिशोब करा. ती २१ दिवस एकाच जागी बसणार, म्हणजे माइटच्या तीन पिढ्या. अंड्यांवरून कोंबडी उठून गेली तर आपण तिला दोष देतो. कधीकधी ती जीव वाचवायला उठलेली असते. आणि उलट, खुराडं रिकामं ठेवून माइटला उपाशी मारू म्हणाल, तर थंड हवेत तो रक्ताशिवाय सात-आठ महिने काढू शकतो. इतका चिवट प्राणी आहे.

आता मागे जाऊ, पहिल्या शतकातल्या रोममध्ये. शेतीवर बारा खंड लिहिणारा कोल्युमेला नावाचा लेखक होता, मूळचा स्पेनमधल्या कादिझचा. आठव्या खंडात तो कोंबड्यांचं घर कसं बांधावं ते सांगतो. भटारभट्टीला किंवा स्वयंपाकघराला लागून बांधा, म्हणजे धूर कोंबड्यांपर्यंत पोचेल, आणि धूर त्यांना फार मानवतो. मोठं घर असेल तर तीन खोल्या काढा. मधली लहान, तिच्यात चूल, आणि तिचा धूर दोन्ही बाजूंच्या खोल्यांत जाऊ द्या. अंगणात आडोशाला, भिंतीलगत कोरडी धूळ आणि राख ठेवा, म्हणजे कोंबड्या त्यात लोळून पिसं साफ करतील. एवढ्याशा राखेच्या ढिगासाठी तो हेराक्लायटस या ग्रीक तत्त्वज्ञाची साक्षही काढतो! त्याच्याही आधी, चौथ्या शतकात (इसवी सनपूर्व, अर्थात), अ‍ॅरिस्टॉटलनं नोंदवलं होतं की धुळीत न लोळणाऱ्या फेझंट पक्ष्यांना उवा मारून टाकतात.

कोल्युमेलाला माइट माहीत नव्हता. दिसला असता तरी त्यानं त्याला ऊच म्हटलं असतं. पण त्याची व्यवस्था बघा: धूर भिंतीसाठी, राख पिसांसाठी. राख का चालते हे आता कळलंय. माइटच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो, आतलं पाणी उडू नये म्हणून. बारीक कोरडी पूड तो थर शोषून घेते, खरवडते, आणि माइट सुकून मरतो. आपल्या गावांतही चुलीची राख परसात टाकली की कोंबड्या दुपारी तिच्यात जाऊन लोळतात. त्यासाठी कुणी कोल्युमेला वाचलेला नसतो. (गॅस आला आणि ती राख गेली, हे मात्र खरं.)

त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते फार उशिरा, १७७८ साली. नाव देणारा कार्ल दे येर, स्वीडनमधल्या लोखंडाच्या कारखान्याचा धनाढ्य मालक आणि जातिवंत कीटकवेडा. त्याच्या सात खंडांच्या ग्रंथाच्या शेवटच्या खंडात हा माइट आला, आणि त्याच वर्षी दे येर वारला. त्याचं लहानपण नेदरलंड्समध्ये गेलं होतं. त्या देशाचं नाव लक्षात ठेवा, आपण तिथं परत येणार आहोत.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं लोकांना परसात कोंबड्या पाळायला सांगितलं, घरातल्या माणशी दोन. शहरातल्या लोकांनी हाताला लागतील त्या खोक्यांची खुराडी ठोकली. जुन्या लाकडाचं खोकं म्हणजे फटीच फटी, माइटला आयती चाळ. १९१७ मध्ये तिथल्या कृषी खात्यानं कोंबड्यांच्या माइट आणि उवांवर एक पुस्तिका काढली. उवांसाठी औषध कोंबडीला लावायचं, पण माइटसाठी औषध लाकडाला: कच्चं खनिज तेल किंवा डांबरापासून काढलेलं, लाकूड टिकवायचं कार्बोलिनियम नावाचं तेल दांड्यांना आणि सांध्यांना फासायचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा टप्पा. औषधं उग्र होती, वास भयंकर, पण निदान बरोबर होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं आणि हे निदान बाजूला पडलं. आता एकच फवारा सगळं मारणार होता. इथं तो सुरुवातीचा फरक आठवा. डीडीटी कीटकांवर जबरदस्त चालायचं, माइटवर फारसं नाही. फळबागांत तर ते फवारल्यावर माइटला खाणारे कीटक मेले आणि माइट वाढले. मग दुसरी रसायनं आली. त्यातलं एक कार्बारिल, बाजारातलं नाव सेविन. अमेरिकेत आणि युरोपात कोंबड्यांच्या माइटवर ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. परसात चार कोंबड्या पाळणाऱ्यांकडेही सेविनची पूड असायची. भारतात ते पिकांसाठी बनायचं, आणि बनायचं कुठं? भोपाळला, युनियन कार्बाइडच्या कारखान्यात. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट वायू हा याच सेविनसाठीचा कच्चा माल होता. म्हणजे पिकावरची कीड असो की दांड्याखालचा माइट, त्यासाठी वापरलेल्या पुडीची किंमत खरेदीच्या पावतीवर पूर्ण कधीच लिहिलेली नव्हती.

रसायनं बदलत गेली, माइट त्यांना सरावत गेला. १ जानेवारी २०१२ पासून युरोपीय संघानं कोंबड्यांचे जुने तारांचे पिंजरे बंद केले. निर्णय चांगलाच होता. कोंबडीला बसायला दांडा मिळाला, अंडी घालायला आडोसा मिळाला. पण दांडा आणि आडोसा म्हणजे पुन्हा फटी. माइटचीही सोय झाली.

आणि मग २०१७. नेदरलंड्समध्ये कोंबड्यांचे फार्म साफ करून देणारी एक कंपनी माइटवर फारच गुणकारी ठरत होती. शेतकऱ्यांना सांगितलं होतं की औषध निलगिरी-मेंथॉलचं, वनस्पतीजन्य आहे. त्यात मिसळलेलं होतं फिप्रोनिल. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवर चालतं ते, पण ज्यांचं मांस-अंडी माणूस खातो त्या प्राण्यांवर युरोपात बंदी असलेलं. ते अंड्यांत उतरलं. जुलै-ऑगस्टमध्ये प्रकरण फुटलं. लाखो अंडी दुकानांतून उचलली, लाखो कोंबड्या मारल्या, आणि बाधित अंडी किंवा त्यांचे पदार्थ ४० हून जास्त देशांत पोचलेले निघाले. डच अन्नसुरक्षा यंत्रणेला आदल्या नोव्हेंबरातच निनावी खबर मिळाली होती, हेही नंतर बाहेर आलं. २०२१ मध्ये त्या कंपनीच्या दोघा चालकांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. माणसांच्या तब्येतीला धोका कमीच होता, असं तज्ज्ञ म्हणत होते. पण ज्यांचे फार्म महिनोन्‌महिने बंद राहिले, त्यातले बरेच शेतकरी बिचारे खरोखरच निलगिरी समजून पैसे मोजत होते.

त्याच वर्षी युरोपात फ्लुरालेनर हे नवं औषध मंजूर झालं. पिण्याच्या पाण्यातून दोनदा, सात दिवसांच्या अंतरानं द्यायचं. कोंबडीचं रक्त प्यालेला माइट मरतो. सात दिवसच का, ते वर सांगितलेल्या आठवड्याच्या हिशोबावरून कळेल. आणि ज्यांना औषध नको ते फार्मवाले आज भिंतींवर काय फवारतात? सिलिकाची अतिबारीक पूड. कामाची पद्धत तीच, राखेची.

आपल्याकडे परसात दहा-बारा कोंबड्या असतील तर तपासणी सोपी आहे. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा आणि दांड्याच्या खालच्या बाजूवरून पांढरं फडकं फिरवा. तांबडे डाग उमटले की समजा. मग दांडे काढून उन्हात टाका, सांध्यांत उकळतं पाणी ओता, जुना पेंढा जाळा, भिंतीला चुना द्या, आणि आठव्या दिवशी हे सगळं पुन्हा करा. ती दुसरी फेरी चुकवू नका, कारण पहिल्या वेळी वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात. फवारायचंच असेल तर पशुवैद्यकाला विचारून, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत हेही त्यांनाच विचारून.

आणि कोंबड्या नसलेल्या पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांसाठी एक. खिडकीतल्या कबुतराची पिल्लं उडून गेली आणि दोन-चार दिवसांनी घरात सगळ्यांना रात्री खाज सुटली, तर गादीत ढेकूण शोधण्याआधी ते रिकामं घरटं बघा.